दिवाळीचा रकाना

नरहर अंबेकरांचं नाव निघालं की जालन्यात दोन गोष्टी सांगतात. एक, हा माणूस सपाट मुलखात राहून डोंगरांचं पुस्तक लिहून गेला. दुसरी, त्या पुस्तकातल्या एका चुकीनं एका तरण्या माणसाचा जीव गेला. त्यांच्या शोकसभेतही एका वक्त्यानं हे सांगितलं आणि मोठ्या मनानं जोडलं, की चूक कोणाच्या हातून होत नाही? मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मी उठलो नाही. चहा झाल्यावर लोकांबरोबर चपला शोधल्या आणि घरी आलो.

ती चूक नरहरभाऊंची नव्हती. माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली. आता ते लिहून झालं आहे, तर ज्या माणसावर ती चूक ढकलली तो कसा होता, तेही सांगतो. नुसती कबुली दिली तर लोक माझाच विचार करत बसतील.

पाटबंधाऱ्याच्या आमच्या कार्यालयात नरहरभाऊ अनुरेखक होते. म्हणजे इंजिनियरांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून घेणारे. मी तिथंच कारकून. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे. अंगानं बारीक, मान थोडी पुढं, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम निळं. रेघ ओढताना ते श्वास रोखत. त्या वेळी टेबलाजवळून जाणाऱ्यानंही पाय न वाजवता जावं, अशी कार्यालयाची रीतच पडली होती. साहेब लोक बदलत गेले, पण प्रत्येक साहेब आठवड्याभरात ती रीत शिकला.

या माणसाला डोंगरांचा नाद कसा लागला ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. कधीतरी कामानिमित्त भंडारदऱ्याला गेले आणि धरणाच्या पाण्याभोवती उभे असलेले ते सुळके आणि कडे पाहून आले. त्यानंतर प्रत्येक सुट्टी तिकडंच. एसटीनं संगमनेर, तिथून राजूर, तिथून मिळेल त्या जीपनं तलावाकाठचं एखादं गाव. ‘राजूरला चाललो’ म्हटलं की जालन्यातले लोक ‘आमचाही नमस्कार सांगा गणपतीला’ म्हणायचे, कारण आमच्याकडं राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातलं. ते समजावत बसायचे नाहीत. ‘सांगतो’ म्हणायचे. आणि एकदा खरंच आधी भोकरदनच्या राजूरला जाऊन, नमस्कार सांगून, मग दुसऱ्या राजूरला गेले. म्हणाले, ‘चार लोकांचे नमस्कार थकले होते, प्रभाकर. डोक्यावर वझं घेऊन चढायला बराबर वाटत न्हाई.’

पुस्तकाची कल्पना त्यांचीच. तलावाभोवतीच्या सगळ्या पायवाटा, नकाशांसह, नवख्याला एकट्यानं जाता येतील अशा लिहायच्या. नकाशे त्यांचे, मजकूर माझा. माझं अक्षर बरं होतं आणि मराठीही बरं आहे असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच पानाला मोडला. मी लिहिलं होतं, ‘येथून सूर्यास्ताचे विलोभनीय दृश्य दिसते.’ त्यांनी पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं.

‘सूर्य बुडताना लोकाला दिसतो. वाट दिसत न्हाई. जे दिसत न्हाई ते लिही.’

पुढं मी लिहिलं, ‘ही चढण सोपी आहे.’

‘कोणाला सोपी?’

‘आपल्याला.’

‘आपण पुस्तक घेणार न्हाई ना. जो घेईल त्याला कशी आहे ते सांग.’

पुस्तकात ‘सोपी’ हा शब्द शेवटपर्यंत आला नाही. ‘डावीकडे वळा’ असंही ते नुसतं लिहू देत नसत. माणूस फोटो काढायला वळतो, लघवीला वळतो, मग त्याचं डावं कुठलं आणि उजवं कुठलं? म्हणून ‘तलाव डाव्या हाताला ठेवून’ असं लिहायचं. टेकडीचं, ओहळाचं नाव तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारायचं, आणि त्यातली एक तरी सरपण आणणारी बाई हवी. ‘पुरुष नाव ठेवतात,’ ते म्हणायचे, ‘बायका त्या नावानं हाका मारतात.’

वेळेचं त्यांचं माप तर गमतीचं होतं. पुस्तकातले सगळे वेळ कुसुमवहिनींच्या चालीचे आहेत. कुसुमवहिनी म्हणजे त्यांची बायको. अंगानं जाड, गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या, आणि दर वळणावर टेकणाऱ्या. तरी त्या प्रत्येक वाटेवर एकदा चढल्या. वर पोचल्या की विचारायच्या, ‘काय हो, किती लागला?’ नरहरभाऊ घड्याळ बघून आकडा सांगायचे. ‘एवढा? खोटं लिहू नका.’ ‘अगं, खरंच लिहायचाय म्हणून तर तुला आणलं.’ पुण्याचे गिर्यारोहक त्या आकड्यांना हसत. पण त्या आकड्यांच्या भरवशावर जालन्या-अंबडची, मंठ्याची, जन्मात टेकडी न चढलेली माणसं तिकडं जाऊन सुखरूप परत आली.

आणि सर्वांत मोठी अट. प्रत्येक वाट दोनदा चालायची. एकदा दिवाळीत आणि एकदा मेमध्ये. आमच्या मुलखात पाऊस संपला की पाणी कमी होत जातं. दिवाळीला आमच्या नद्यांत घोट्याएवढं पाणी असतं, होळीला पोरं नदीत क्रिकेट खेळतात. पण धरणाचं तसं नसतं. पाऊस थांबतो तेव्हा तलाव काठोकाठ असतो. फुगवटा ओहळांच्या तोंडातून आत, पार वाटांवर चढून बसतो. मेमध्ये तोच तलाव तळाला जातो आणि जिथं होडी चालत होती तिथं गुरं चरतात. नरहरभाऊ म्हणत, ‘भरल्या तलावाची वाट वेगळी अन् रित्या तलावाची वेगळी. गाव तेच, पाय तेच.’ म्हणून प्रत्येक वाटेच्या शेवटी दोन रकाने होते. एक दिवाळीचा, एक मेचा. ओहळ कुठून ओलांडायचा, पाणी किती, वळसा कुठून, हे दोन्हीत वेगळं.

छपाई आमच्या गावातल्या एका मारवाडी शेठजींच्या प्रेसमध्ये झाली. शेठजी चार पिढ्यांचे जालन्याचे आणि जिभेचे तिखट. म्हणाले, ‘अंबेकर, त्यापेक्षा रेल्वेचं टाइमटेबल छापू. गाड्या तरी जालन्यातून जातात.’ पण नकाशे हातात घेतल्यावर चष्मा चढवून एकेक पाहत बसले. एका नकाशात छापताना ठिपक्यांची वाट सूतभर सरकली होती, विहिरीच्या या बाजूऐवजी त्या बाजूनं गेली होती. कोणाच्या लक्षात आलं नसतं. नरहरभाऊंनी ते पान थांबवलं, प्लेट पुन्हा करायला लावली. शेठजी चिडले. ‘एवढ्याशानं काय होतंय?’

‘तहानेला माणूस विहिरीच्या त्या बाजूनं निघून जाईल, शेठजी. माझ्या हातानं.’

‘माझ्या हातानं’ हे त्यांचं पालुपद होतं. देवाधर्माचं ते फार करत नसत. हातावर त्यांचा विश्वास होता.

मुखपृष्ठावर दोघांची नावं घालायची त्यांची इच्छा होती. मी नको म्हटलं. सरकारी नोकराला पुस्तक छापायला परवानगी लागते, माझ्या बढतीचा कागद वर गेला होता, त्यात भानगड नको होती. नरहरभाऊंना बढतीची ओढ नव्हती. त्यांनी स्वतःची परवानगी काढली. ‘तुझं दुसऱ्या आवृत्तीत घालू,’ म्हणाले. असं पुस्तकावर एकच नाव राहिलं.

आता त्या दिवाळीबद्दल.

एक वाट तेवढी राहिली होती. तलावाच्या वरच्या टोकाची. मेमध्ये मी आणि ते दोघं ती चाललो होतो. खालच्या अंगाला एक ओहळ होता, कोरडा ठाक, मोठे दगड, त्यावरून आम्ही बोलत बोलत पलीकडं गेलो. दिवाळीचं चालणं बाकी होतं, आणि नेमक्या त्याच वेळी कुसुमवहिनींचं पोटाचं ऑपरेशन निघालं. नरहरभाऊ दवाखान्यातून हलू शकत नव्हते. मला म्हणाले, ‘तू जाऊन ये. फक्त तो ओहळ पाहून ये.’ मी हो म्हटलं.

मी गेलो नाही. मंठ्याला सासुरवाडीत मेव्हण्यानं नवं घर बांधलं होतं, बायकोचं म्हणणं पडलं की दिवाळी तिथंच करायची. दोन एसट्या बदलून डोंगरात जाण्याचा मलाही कंटाळा आला होता. पाडव्याच्या दुपारी जेवण झाल्यावर मी मेव्हण्याच्या ओसरीत लोडाला टेकून वही काढली आणि दिवाळीचा रकाना भरला. ‘ओहळात घोट्याएवढे पाणी. दगडांवरून ओलांडावा.’ मेमध्ये कोरडा होता, म्हणजे दिवाळीला थोडं पाणी असेल, असा माझा जालन्याचा तर्क. वर्षानुवर्षं नरहरभाऊंनी सांगितलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं होतं, असं मी म्हणू शकलो असतो. ते खरं नाही. मला आठवत होतं. मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय.

त्यांनी दवाखान्यात, खाटेशेजारच्या स्टुलावर फळी ठेवून माझ्या वहीवरून ते पान शाईनं उतरवलं. आम्ही रीतीप्रमाणे वही ताडून पाहायचो. या वेळी मात्र ते म्हणाले, ‘तू स्वतः गेल्तास. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. जल्दी नेऊन दे, शेठजी थांबलेत.’

पुस्तक निघालं, चाललं, दोन वर्षं लोकांनी ते पिशवीत घालून नेलं. तिसऱ्या दिवाळीत वडीगोद्रीचा सुनील नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा तीन मित्रांबरोबर त्या वाटेनं गेला. ओहळाच्या जागी वीसेक पावलांचं संथ पाणी दिसलं. मित्र म्हणाले, माघारी फिरू. सुनीलनं पुस्तक काढून वाचून दाखवलं. ‘घोट्याएवढं लिहिलंय, खाली दगड आहेत.’ आणि तो पुढं झाला. दगड होते, पण पुरुषभर पाण्याच्या आणि गाळाच्या खाली.

बातमी आली त्या दिवशी नरहरभाऊ माझ्या टेबलाशी आले. हातात पुस्तक, त्या पानावर बोट. आवाज अगदी हळू.

‘प्रभाकर, तुझ्या वहीत काय होतं?’

ती वही माझ्या घरी होती. कार्यालयात सगळे काम करत होते. मी म्हटलं, ‘वरच्या अंगानं वळसा घ्यावा, असं लिहिलं होतं मी. खालून जाऊ नये म्हणून.’

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, ‘मंग ओळ माझ्या हातून गळाली. दुसऱ्या कुठल्या वाटेचा मजकूर इथं पडला. लक्ष ठिकाणावर नव्हतं माझं, कुसुमला त्या दिवशी ताप होता.’ मी समोरची फाईल ओढून घेतली. ‘वही आण उद्या. बघतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही आंघोळीच्या बंबात घातली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं.

चौकशी झाली, कोणाला शिक्षा झाली नाही. नरहरभाऊंनी स्वतःपुरतं सगळं ठरवलं. दुकानांतल्या प्रती परत आणल्या. ज्यांनी घेतल्याचं माहीत होतं त्यांच्या दारी जाऊन मागून आणल्या. कोणी म्हणे, ‘राहू द्या हो, तेवढं एक पान फाडतो.’ ते म्हणत, ‘एका पानात चुकलो तर बाकीची पानं कशावरून बराबर?’ डोंगरात पुन्हा गेले नाहीत. साहेबांना अर्ज देऊन अनुरेखकाचं काम सोडलं आणि निवृत्तीपर्यंत आवक-जावकेच्या नोंदी केल्या. नवे साहेब म्हणाले, ‘अंबेकर, तुमच्यासारखी रेघ जिल्ह्यात कोणाची नाही.’ यांचं उत्तर एकच. ‘हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई, साहेब.’ कुसुमवहिनींनी एकदा दारातली रांगोळी पुरी करायला सांगितली, तर ती रेघही त्यांनी ओढली नाही. हे वहिनींनी मलाच सांगितलं. मला चहा देता देता.

दर वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते वडीगोद्रीला जात. सुनीलचे वडील आसारामअण्णा यांचं हमरस्त्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. नरहरभाऊ तिथं एक तास बसून येत. पहिल्या वर्षी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या वर्षी इतकंच म्हणाले, ‘आज चहा सांगितला त्यांनी.’ असं ते बावीस वेळा गेले. मी दर वेळी विचारायचो, ‘जाऊन आलात का?’ विचारणारा मीच होतो, हे आता लिहितानाही नीट पचत नाही.

कुसुमवहिनी गेल्या. गेल्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी मी त्यांच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. मंठा, ओसरी, वही, बंब. ते खुर्चीत बसले होते. पंच्याहत्तरीचे झाले होते. शिवी देतील, रडतील, काहीतरी करतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, ‘म्हणजे हात न्हाई चुकला?’

‘नाही, भाऊ.’

‘मी जे होतं तेच उतरवलं?’

‘अक्षर न् अक्षर.’

त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला, पालथा केला. मग भिंतीवरच्या वहिनींच्या फोटोकडं पाहून, नेहमीच्या आवाजात, शेजारच्या खोलीत कोणी असावं तसं म्हणाले, ‘ऐकलं का?’

मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले.

‘मला सांगून काय उपेग? मी तर चाललो आता. त्यांना सांग. उद्या सकाळच्या गाडीनं वडीगोद्रीला चल. मी संगं येतो. तुला एकट्याला जमणार न्हाई.’

‘येतो,’ मी म्हटलं.

‘आठ वाजता. स्टँडवर.’

दोन महिन्यांनी ते गेले, झोपेतच. मी आसारामअण्णांकडं गेलो तो भाऊंच्या तेराव्यानंतर, शोकसभाही होऊन गेल्यावर. हे मी केलं म्हणून कोणी मला श्रेय देऊ नये. जे एका दिवसात करायचं होतं ते मी अडीच महिन्यांनी, आणि ज्याच्यासाठी करायचं तो नसताना केलं. अण्णा मोटारीचं वेटोळं गुंडाळत होते. नजर अधू झाली आहे, बोटांनीच करतात. मी बोलत होतो तोवर त्यांनी हात थांबवला नाही. मग तार खाली ठेवली.

‘तुमी लिवलं होतं ते?’

‘हो.’

‘मंग ते बाबा काऊन येत होते इतके साल?’

‘त्यांना वाटत होतं त्यांची चूक आहे. मी वाटू दिलं.’

अण्णा रस्त्याकडं बघत राहिले. ट्रक जात होते. म्हणाले, ‘पयल्या साली त्यायनला मी पानी बी इचारलं न्हाई. पार उन्हात हुबं केलं. गावासमोर बोललो नको नको ते. म्हातारा मान खाली घालून आईकत राह्यला.’ तार पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, ‘ते माझ्याकडून तुमी करवून घेतलं.’

उठताना मी विचारलं, या दिवाळीनंतर भाऊ येऊन गेले तेव्हा काही म्हणाले का.

‘आल्ते. च्या घेतला. म्हनले, माझ्यासंगं एक जण येनार होता, त्याची गाडी चुकली.’

माझी गाडी चुकली नव्हती. त्या सकाळी पावणेआठलाच मी स्टँडवर पोचलो होतो. कपडे करून, हातात पिशवी घेऊन. फलाटाच्या टोकाला वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे, त्याच्या आडोशाला उभा राहिलो. आता जातो, आता जातो, असं करत. नरहरभाऊ रिक्षातून उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट. फलाटावर मान वर करून दोनदा सगळीकडं पाहिलं. गाडी लागली तसे कठड्याला धरून चढले आणि माझ्या बाजूच्या खिडकीत बसले. खिशातला रुमाल काढून नीट चौकोनी घडी करून शेजारच्या जागेवर टाकला. गाडी भरत आली. एक बाई कडेवर पोर घेऊन आली, त्यांनी काहीतरी सांगितलं, ती पुढं गेली. मग एक जाड गृहस्थ थांबले, रुमालाकडं बोट केलं, वाद घालू लागले. कंडक्टर आला. मला ऐकू येत नव्हतं. नरहरभाऊंनी उजवा हात रुमालावर पसरून ठेवला आणि ते दाराकडं बघत राहिले.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं झाली, वळली, माझ्या समोरून गेली. हात तसाच होता.